मुकं तळं

आज वारा अगदी पडलाय. फाल्गुन सरायला आला की इथे असे काही दिवस येतात. पळसाचं फूल देठातून सुटलं तर सरळ बुंध्याशीच पडतं. उन्हाला अजून चटका नाही, पण सावली सोडवत नाही एवढं ते तापलंय. हवेत धूळ नाही, म्हणून सोंडगड आज जवळ आलाय. एरवी तो लांब, निळसर असतो. आज बघा, तटाच्या दगडांमधल्या भेगासुद्धा दिसतात. आणि खाली हे तळं असं निपचित पडलंय की वरचा गड जसाच्या तसा पाण्यात उतरलाय.

पाव्हणे, इथंच थांबा. या दगडी ओट्याच्या पलीकडे लोखंड, पितळ, स्टील, काही न्यायचं नाही. पाण्याच्या बाटल्या ओट्यावर ठेवा, किल्ल्या ठेवा, चाकू असेल तर तोही ठेवा. कुणी नेत नाही. इथे ठेवलेली वस्तू हरवल्याचं अजून ऐकिवात नाही. बायांनी गळ्यातलं-कानातलं काढायची गरज नाही, अंगावरचं चालतं. मागे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या मांडीत डॉक्टरांनी सळई घातलेली. ते म्हणाले, "आजोबा, आता मी काय पाय काढून ठेवू?" त्यांना सांगितलं, "पाय असू द्या. पाण्यात बुडवू नका म्हणजे झालं." ते हसले आणि ओट्यावरच बसून राहिले.

त्या बाया बघा, पाण्याला आल्यात. डोक्यावर मातीच्या घागरी. त्यांच्या घरांत पितळेचे हंडे आहेत, स्टीलच्या कळशा आहेत, पण त्या इथे येत नाहीत. अलीकडे प्लास्टिकच्या घागरीही दिसतात. प्लास्टिकचं काय करायचं ते जुन्या माणसांनी सांगून ठेवलेलं नाही, म्हणून कुणी कुणाला अडवत नाही. दुसऱ्या कुठल्याही पाणवठ्यावर जा, हंड्याला हंडा लागतो, कडी वाजते, लांबूनच कळतं की पाणवठा आला. इथे तसं काही वाजत नाही. म्हणून याला मुकं तळं म्हणतात.

हे असं का, त्याची गोष्ट आहे. ती येमाजी लोहाराची आहे. खरी किती आणि वाढवलेली किती, ते आता सांगणारे राहिले नाहीत. गावात जशी सांगतात तशी ऐका.

फार मागे, त्या चिंचेच्या पलीकडे येमाजीची भट्टी होती. शेजारी गोमाजी कुंभार. इकडे भाता, तिकडे चाक. दोघांच्या मध्ये निवडुंगाचं कुंपण, आणि त्या कुंपणावरून दिवसभर बोलणं चालायचं. म्हणजे बोलायचा गोमाजी. येमाजी मुळातच कमी बोलणारा. गोमाजी त्याच्या वाटचंही बोलून घ्यायचा.

येमाजीची बायको पोर तान्ही असतानाच गेली. त्या पोरीचं नाव ठकी. ती भात्याजवळच वाढली. हात पुरायला लागले तशी भाता ओढायला लागली, आणि पुढे विस्तवाचा रंग बघून तीच बापाला सांगायची, "आबा, काढा आता." बापाचा सांडसा तिच्या शब्दावर उचलला जायचा. लग्नाची झाली तेव्हा येमाजीने लांबची स्थळं बघितलीच नाहीत. सोंडगडावर लोहाराचं एक घर होतं. त्या घरातल्या रायाजीला त्याने लेक दिली. गोमाजी म्हणाला, "बरी सोय केलीस, येमा. मान वर केली की लेकीचं सासर!" आणि खरंच, घाव घालता घालता येमाजी मध्येच थांबायचा, मान वर करायचा, गडाकडे बघायचा आणि परत घाव घालायला लागायचा.

येमाजीचं नाव होतं ते पोलादासाठी. आता हे जरा सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धातू एकटा असला की त्याचा स्वभाव एक असतो, आणि दुसरं काही त्याच्या अंगात मिसळलं की तो बदलतो. सोनं नुसतं असलं तर मऊ, त्यात थोडं तांबं लागतं. तांब्यात जस्त गेलं की पितळ. तांब्यात कथील गेलं की कासं, मग ताट वाजतं. फौजेच्या तोफा ओतायच्या त्याही तांब्या-कथलाच्याच. कथील जरा जास्त पडलं तर तोफ डागणाऱ्यावरच फुटायची. तसं लोखंडाच्या अंगात कोळसा मुरला की त्याचं पोलाद होतं. गोमाजी भाताचं तूस मळून मातीच्या मुशी करून द्यायचा. येमाजी त्यांत लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या काटक्या आणि रुईची पानं भरायचा, तोंड मातीने लिंपायचा आणि मुशी भट्टीत ठेवायचा. मूस फोडली की आत पोलादाची वडी निघायची, मुठीत मावेल एवढी.

मग त्या पोलादाला पाणी द्यायचं. लालबुंद पातं या तळ्यात बुडवायचं. साधं लोखंड बुडवलं तर ते नुसतं गार होतं. पोलाद पाणी पितं आणि माजतं. इतकं कडक होतं की कानस त्याच्यावरून घसरते. पण कडक झालं तसंच ते ठिसूळही होतं, दगडावर आपटलं तर काचेसारखं उडेल. म्हणून पाणी दिल्यावर त्याला परत विस्तवावर हलका शेक द्यायचा, त्याचा माज उतरवायचा. येमाजीचा विळा बापाकडून लेकाकडे जायचा, तो त्या शेकामुळे.

एका वर्षी दिवाळी झाली आणि फौज आली. कुणाची, ते सांगता येत नाही. कुणी एक नाव सांगतं, कुणी दुसरं. गडाला वेढा पडला. वर जायची वाट बंद, खाली यायची वाट बंद. फौजेचे तोफगोळे मागून यायचे होते, पण घाटात बैल मेले आणि गाडे तिथेच अडकले. मग स्वार गावात फिरले. नांगराचे फाळ घेतले, कुदळी, कुऱ्हाडी घेतल्या, गाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावा काढून घेतल्या, विहिरीवरच्या साखळ्या घेतल्या. तो सगळा ढीग येमाजीच्या दारात आणून टाकला.

तोफखान्याचा दारोगा मोठा सभ्य माणूस होता, असं सांगतात. आवाज चढवायचा नाही. भट्टीशी आला तो जोडे बाहेर काढून. म्हणाला, "लोहारबाबा, याचे गोळे करायचेत. आमचे लोहार हाताखाली देतो. तुमचं नाव ऐकलंय."

येमाजीने हात जोडले. "सरकार, माझी लेक गडावर हाय. येकुलती येक."

दारोगा थोडा वेळ गडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग तर तुम्हीच घाई करा, बाबा. तट जितका लवकर पडेल तितकी ती लवकर घरी येईल."

"तिला तेवढी खाली येऊ द्या, सरकार. तिच्या नवऱ्याला नका सोडू पायजे तर."

"वाट माझ्या हातात असती तर आत्ता आणली असती. मी तोफांचा माणूस. चौक्यांवर हुकूम दुसऱ्याचा चालतो." हे त्याने खोटं सांगितलं नव्हतं. तेच वाईट होतं.

येमाजी त्या लोखंडाच्या ढिगासमोर बसला. तट पडल्यावर काय होतं ते त्याने ऐकलेलं होतं. पडलेल्या तटातून माणसं तलवारी उपसून आत शिरतात, तेव्हा समोरची कुणाची लेक आहे ते कुणी बघत नाही. तट पडता कामा नये. पावसाळ्यापर्यंत तो उभा राहिला की फौजेला उठावंच लागेल, कारण या डोंगरात पावसात राहुटी टिकत नाही. मिरगापर्यंत तट उभा राहिला, तर ठकी वाचली. पण नाही म्हणून भागणार नव्हतं. तो नाही म्हणाला असता तर फौजेच्या लोहारांनी गोळे केलेच असते, आणि चांगले केले असते.

तेव्हा येमाजीला जे सुचलं ते लोहारालाच सुचावं असं होतं.

साधा लोखंडी गोळा मऊ असतो. तो तटावर आदळला तर दगडात रुततो, हादरा देतो, एकाच जागी पुन्हा पुन्हा बसला की चिरा निखळतो. पण गोळ्यात पोलाद मिसळलं, त्याला या तळ्याचं गार पाणी दिलं आणि नंतरचा शेक दिलाच नाही तर? दिसायला तो गोळा सगळ्यांत देखणा, गोल, निळसर झाक मारणारा. पण दगडावर आपटला की फुटणार, आणि तट जिथल्या तिथे राहणार. कुणाला संशयसुद्धा यायचा नाही. वर्षानुवर्षं साठवलेल्या पोलादाच्या वड्या त्याने ऐरणीखालच्या खड्ड्यातून काढल्या. त्याही पुरणार नव्हत्या. त्याने गोमाजीकडे आणखी मुशी मागितल्या.

गोमाजी कुंपणावरून म्हणाला, "फाळांचे गोळे करतोस, मग मुशी कशाला रे? सरकारच्या तोफेला पोलादाचा घास भरवतोस काय? लाडाची हाय व्हय?"

येमाजीने इकडेतिकडे बघितलं, कुंपणाशी गेला आणि त्याला सगळं सांगितलं. गोमाजीचं चाक फिरत फिरत आपोआप थांबलं. मग तो म्हणाला, "तूस जरा जास्त मळतो. मूस तडकायला नको." एवढंच म्हणाला.

गोळे तयार झाले. दारोगा स्वतः बघायला आला. त्याने एक गोळा हातात घेतला, वजन पाहिलं, कानस मागवली आणि घासली. कानस सरकून गेली. गोळ्यावर ओरखडासुद्धा नाही. दारोग्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला. "बाबा," तो म्हणाला, "इतकी वर्षं तोफांपाशी काढली, असा गोळा नाही पाहिला." येमाजी खाली मान घालून उभा होता. दारोग्याला वाटलं, माणूस विनयशील आहे.

तोफा डागायला लागल्या तो दिवस आजच्यासारखाच होता, असं सांगतात. वारा नाही, पान हलत नाही. येमाजी चिंचेखाली उभा राहून बघत होता. तटावर धुरळा उठायचा, मग आवाज यायचा, मग धुरळा बसायचा, आणि तट तसाच. पुन्हा धुरळा, पुन्हा तट तसाच. दिवस मावळेपर्यंत तटावर नुसते पांढरे ओरखडे दिसत होते, कुणी खडूने रेघा माराव्यात तसे.

गोमाजी कुंपणाशी आला. "येमा, लाह्या रे लाह्या! नुसत्या फुटतायत!"

"हळू बोल," येमाजी म्हणाला, पण त्यालाही हसू आवरेना. दोघं म्हातारे तोंडाला उपरणं लावून हसत राहिले. त्या दिवशी येमाजी पोटभर जेवला.

मग रोज तेच चाललं. पळस झडला, ऊन वाढलं. येमाजी रोज आभाळाकडे बघायचा. त्याच्या हाताखाली दिलेले लोहार चांगले कारागीर होते. ते न बोलता बघत होते, वड्या कशा निघतात, किती मिसळायच्या, पाणी कधी द्यायचं. येमाजी त्यांना काही सांगत नव्हता. पण भट्टीशी उभ्या असलेल्या माणसाला डोळे मिटून घे असं कसं सांगणार?

एका सकाळी दारोगा आला तो हातात नवं पागोटं घेऊन. जोडे काढून आत आला, आणि ते पागोटं त्याने आपल्या हाताने येमाजीच्या डोक्यावर ठेवलं.

"तुम्हाला वाटत असेल, तट का पडत नाही," तो म्हणाला. "न पडो. आम्ही आता तटावर मारतच नाही. तटाच्या वरून, आतल्या कातळावर मारतो. तुमचा गोळा कातळावर फुटतो आणि त्याच्या चिपा चहूकडे उडतात. काल एक जण गडावरून दोर टाकून उतरला. सांगत होता, वर कुणाला उघड्यावर फिरता येत नाही. टाक्यावर पाण्याला जायचं तर जीव मुठीत धरून जातात. दुसरे गोळे दगड पाडतात, बाबा. तुमचे माणसं पाडतात. मिरगाच्या आत गड खाली होतो बघा."

येमाजीने मान वर करून गडाकडे बघितलं. मग म्हणाला, "आन् बायामाणसं?"

"गोळ्याला काय दिसतं?" दारोगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात वाईट वाटल्यासारखंही होतं, म्हणे.

त्या दिवशी येमाजीने पोलाद न घालता गोळा केला. निव्वळ फाळाचं लोखंड, मऊ. गोळे तपासायला दारोग्याने ठेवलेल्या माणसाने कानस घासली, ती लागली, लोखंडाचा कीस खाली पडला. त्याने तो गोळा बाजूला लोटला. "हा तुमच्या हातचा नाही वाटत, बाबा," म्हणाला. येमाजीने चाकूने भात्याचं कातडं फाडलं. दुपारच्या आत छावणीतून दुसरा भाता आला. येमाजी म्हणाला, हात धरलाय, घण उचलत नाही. दारोग्याने चोळायला तेल पाठवलं आणि सांगितलं, बाबांनी आता चिंचेखाली बसावं, पुष्कळ केलं त्यांनी. गोमाजीने माती संपली म्हणून सांगितलं, तर फौजेने दुसऱ्या गावचा कुंभार आणला.

तेव्हा येमाजी चिंचेखाली बसला. त्याच्याच भट्टीत, त्याच्याच ऐरणीवर, दुसरी माणसं त्याचे गोळे करत होती. लाल गोळा सांडशात धरून ते तळ्यावर न्यायचे आणि बुडवायचे. चर्रर्र असा आवाज व्हायचा, वाफ उठायची. पुन्हा दुसरा. पुन्हा आवाज. येमाजी कानांवर हात ठेवून बसायचा, तरी तो आवाज यायचाच. कारण तो आवाज त्याला पाठ होता. आयुष्यभर त्याने तो कान देऊन ऐकला होता.

एकदा तो उठला आणि गडाच्या वाटेने चालायला लागला. चौकीपाशी त्याला अडवलं. तिथे उभा राहून तो ओरडायला लागला, "ठके! आत बस! टाक्यावर जाऊ नको! ठके!" असाच वारा पडलेला दिवस होता. हाक पोचायला पाहिजे होती. चौकीतल्या शिपायांनी त्याला बराच वेळ ओरडू दिलं. त्यांनाही घरी लेकी असतील. मग एकाने त्याला पाणी पाजलं, हाताला धरून खाली आणून सोडलं.

दारोग्याने सांगितलं तसंच झालं. मिरगाच्या आधी गडावर पांढरं फडकं लागलं. तट तेव्हाही उभाच होता. आजही उभा आहे, तुम्ही बघताच आहात. वाट मोकळी झाली, आणि वरची माणसं एकामागे एक खाली उतरायला लागली. कुणाच्या पाठीवर म्हातारं माणूस, कुणाच्या हाताला फडकं बांधलेलं. येमाजी वाटेच्या कडेला उभा होता. प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होता.

रायाजी उतरला तो एकटा.

तो सासऱ्याच्या मागोमाग भट्टीत आला. बसला. मग म्हणाला, "पाण्याला गेली हुती, मामा. मी म्हणलं, नको जाऊ. ती म्हणाली, पोरं रडत्यात शेजारची, आलेच. घागर भरली. उचलाया वाकली, तवर मागं कातळावर गोळा फुटला."

त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि एक चीप ऐरणीवर ठेवली. बोटभर असेल. ती ऐरणीवर ठेवली तेव्हा ती वाजली. साध्या लोखंडासारखी नाही, बारीक, खणखणीत. फुटलेल्या बाजूला साखरेसारखा पांढरा, बारीक दाणा चमकत होता. येमाजीला ती हातात घ्यायची गरज नव्हती. आपल्या भट्टीचा दाणा लोहार लांबून ओळखतो.

पण रायाजीही लोहाराचाच पोर. तो त्या दाण्याकडे बघत म्हणाला, "मामा, हे पोलाद हाय. गोळ्यात पोलाद कोण घालतं?"

येमाजी म्हणाला, "मी घातलं."

का घातलं, ते तो सांगू शकला असता. त्याने सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? रायाजी ऐरणीकडे बघत बसला. मग ती चीप तिथेच ठेवून उठला आणि बाहेर पडला. तो पुढे कुठे गेला ते गोष्टीत नाही.

फौज उठून गेली. गावातली माणसं फाळ मागायला म्हणून येमाजीच्या दारी यायची, भट्टीत बघायची आणि तशीच परत जायची. भट्टी विझलेली होती. येमाजीने ती चीप तळ्यात टाकली असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, ती त्याच्या मुठीतच होती. पण एवढं सगळे सांगतात की तो तळ्याच्या पायरीवर येऊन बसला आणि त्याने धातूला हात लावायचं सोडलं. घण नाही, सांडसा नाही, विळा नाही. घरात होतं ते सगळं धातूचंच. तवा लोखंडी, तांब्या पितळी, ताट काशाचं. त्यामुळे खाणंही राहिलं आणि पिणंही. पाण्याच्या काठावर माणूस तहानेला बसलेला. कुणी म्हणालं, ओंजळीने तरी पी बाबा. तो आपल्या हातांकडे बघायचा आणि मान हलवायचा.

बाया पाण्याला यायच्या. हंड्याला कळशी लागली की येमाजीचं अंग शहारायचं. एकीने ते बघितलं. दुसऱ्या दिवशी तिने आपला हंडा लांब, या ओट्यावर ठेवला, गोमाजीच्या अंगणातून मातीची घागर मागून आणली आणि आवाज न करता भरून नेली. मग दुसरीने तसंच केलं. मग सगळ्याच करायला लागल्या. पंचायत बसली नाही. देव कुणाच्या स्वप्नात आला नाही. येमाजीने शाप दिला, नवस केला, असंही नाही. बायांनी त्या म्हाताऱ्यासाठी केलं, आणि म्हातारा गेल्यावर ते तसंच राहिलं.

आजही गावचा लोहार या तळ्यात विळ्याला पाणी देत नाही. तो आपल्या दारात दगडी डोणी ठेवतो, विहिरीचं पाणी भरून. नळाची योजना आली तेव्हा तळ्यात लोखंडी पाइप टाकायचं चाललं होतं. तरण्या पोरांना ते पटलं होतं. पण खड्डा खणायच्या दिवशी गावातली एकही बाई पाण्याला आली नाही. सगळ्या ओट्यावर येऊन बसल्या. योजनेचा साहेब शहाणा होता. त्याने पलीकडच्या ओढ्यावर विहीर पाडून दिली. आजही नवी सून पहिल्यांदा पाण्याला येते तेव्हा सासू तिच्या हातात मातीची घागर देते आणि सांगते, सावकाश भर. का ते सांगत नाही. कुणीतरी मग असंच केव्हातरी बसवून ही गोष्ट सांगतं.

पण बायांच्याही आधी, अगदी पहिल्यांदा या पाण्याला मडकं लागलं ते गोमाजीच्या हाताने. तो कुंपण ओलांडून आला, नवं मडकं भरलं आणि येमाजीच्या शेजारी पायरीवर बसला. मुशी त्यानेच केल्या होत्या, तूस जास्त मळून. त्याने मडकं पुढे केलं. येमाजीने हात मागे घेतले.

"नगं, गोमा," तो म्हणाला. "माझ्या हातनं फुटंल."

गोमाजीने त्याचे दोन्ही हात ओढून घेतले, मडक्याभोवती लावले आणि वरून आपले मातीने भरलेले हात दाबून धरले.

"फुटलं तर फुटू दे, येमा," तो म्हणाला. "पाणीच सांडंल."